वाल नीट शिजवा, नीरा पहाटेच प्या : कमला सोहोनी यांच्या आयुष्याची गोष्ट

खडोली (सिल्वासा) : पहाटे ताडावरून उतरवलेलं मडकं तोंडाला लावलं तर रस गोड लागतो. तेच मडकं सावलीत न ठेवता तसंच राहू दिलं तर ऊन चढेपर्यंत फेस येतो, वास बदलतो आणि नीरेची ताडी होते. आणखी ठेवलं तर आंबट ढाण. आपल्या भागात हे पोरासोरांनाही माहीत आहे. पण असं का होतं, इतक्या लवकर का होतं, आणि ते लांबवता येतं का, हा प्रश्न साधा नाही. इकडे खडोलीच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगारही रोज तोच प्रश्न हाताळत असतो. तापमान किती ठेवायचं, माल किती बारीक हवा, कुठला पदार्थ किती घालायचा. रासायनिक क्रिया किती वेगानं होणार, हे यावरच तर ठरतं.

हाच प्रश्न गरिबाच्या ताटात नेऊन बघणारी एक मराठी बाई होऊन गेली. डॉ. कमला सोहोनी. त्यांना जाऊन पाव शतक उलटलं. नाव पाठ्यपुस्तकात कधीमधी दिसतं, पण त्यांनी नेमकं काय केलं हे विचारलं तर बहुतेक जण थांबतात. म्हणून ही गोष्ट.

रसायनवाल्यांचं घर

कमलाबाईंचा जन्म 1911 सालचा, इंदूरचा. माहेरचं आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघंही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. म्हणजे घरात रसायनाची भाषा आधीपासूनच होती. मोठी बहीण दुर्गा पुढे लेखिका झाली. 1975 साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीला विरोध करणाऱ्या त्या दुर्गा भागवत, त्याच. त्या आदिवासींच्या लोककथांकडे गेल्या. धाकटीनं वडील-काकांचा रस्ता धरला.

मुंबईत शिकून 1933 साली कमलाबाई बी.एस्सी. झाल्या. रसायनशास्त्र मुख्य विषय आणि विद्यापीठात पहिला नंबर. आता पुढचं संशोधन वडील-काकांच्याच संस्थेत करायचं, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. गुणांच्या बळावर प्रवेश मिळायला काहीच हरकत नव्हती.

बंगळूरचं बंद दार

हरकत निघाली ती बाई असण्याची. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी, 1930 साली, नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. संशोधन हे बायकांचं काम नाही अशी त्यांची समजूत होती. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. थेट बंगळूर गाठलं, नकाराचं कारण विचारलं आणि गांधीजींच्या वाटेनं जात रामन यांच्या कार्यालयाबाहेर सत्याग्रह केला.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुष मंडळींचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट किती अपमानाची होती, हे वेगळं सांगायला नको. कमलाबाईंना ती आयुष्यभर बोचली. पण त्या वेळी त्यांनी ती पत्करली, कारण दार एकदा उघडणं महत्त्वाचं होतं.

मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांची खात्री पटली. कमलाबाईंचं नाव नियमित यादीत आलं आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. 1936 साली त्या एम.एस्सी. झाल्या.

वेग कशावर ठरतो?

पुढची गोष्ट समजायची तर जरा थांबून एक गोष्ट बघू. कुठलीही रासायनिक क्रिया व्हायची तर पदार्थांचे रेणू एकमेकांवर आदळावे लागतात, आणि तेही पुरेशा जोरानं. नुसता धक्का लागून भागत नाही. ही टक्कर वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्या आपल्या घरात सापडतात.

पहिली, उष्णता. तापमान वाढलं की रेणू जास्त जोरानं धावतात. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंश सेल्सिअसला बऱ्याच क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या आसपास उकळतं, कुकरमध्ये दाबामुळे ते 120 अंशांच्या आसपास जातं. म्हणजे 20 अंश जास्त, वेग दुप्पटीचा दुप्पट. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, याचं उत्तर इथं आहे.

दुसरी, प्रमाण. चुलीत फुंकणीनं हवा घातली की जाळ भडकतो. लाकूड तेच, पण त्याला मिळणारा प्राणवायू वाढला.

तिसरी, पृष्ठभाग. ओंडका पेटता पेटत नाही, ढलप्या पटकन पेटतात. जितकं बारीक, तितका बाहेरच्याशी संबंध जास्त. म्हणूनच कारखान्यात भुकटीची एवढी काळजी घेतात.

चौथी, उत्प्रेरक. हा पदार्थ क्रियेत भाग घेतो, तिचा वेग वाढवतो, पण शेवटी स्वतः जसाच्या तसा उरतो. कसारा घाट चढून जायचं त्याऐवजी बोगदा मिळाला, असं समजा. गाडी तीच, पण चढच कमी झाला. गंधकाम्ल बनवताना व्हॅनेडियम पेंटॉक्साइड हेच काम करतं.

आणि पाचवी, अडथळा. काही पदार्थ उत्प्रेरकालाच धरून ठेवतात आणि क्रिया मंदावते. त्यांना म्हणायचं निरोधक.

सजीवांच्या शरीरातल्या उत्प्रेरकांना एन्झाइम किंवा विकर म्हणतात. साखर चुलीत जाळायला मोठी आच लागते. आपलं शरीर तीच साखर 37 अंशांवर, पायरीपायरीनं, न पेटवता जाळतं. हे जमतं ते एन्झाइममुळे. कमलाबाईंचं सगळं काम या विकरांभोवती फिरतं.

केंब्रिजमधला बटाटा

एम.एस्सी. नंतर त्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला, केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात गेल्या. तिथं जीवरसायनाची प्रयोगशाळा होती फ्रेडरिक हॉपकिन्स यांची. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी 1929 चं नोबेल मिळालेले हेच ते हॉपकिन्स. जगभरातले संशोधक तिथं जागा मिळावी म्हणून धडपडत. कमलाबाई पोचल्या तेव्हा प्रयोगशाळा भरलेली होती. डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकानं त्यांना आपलं टेबल दिवसा वापरायला दिलं आणि स्वतः रात्री काम करायचं ठरवलं, अशी हकिगत सांगतात. रात्री काम करण्याची अट बंगळूरला कमलाबाईंवर लादली होती. इथं एका माणसानं त्यांच्यासाठी ती आपणहून घेतली.

रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांच्या शरीरातल्या एन्झाइमवर काम केलं. 1938 आणि 1939 मध्ये त्यावरचे निबंध छापून आले. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. हिल यांचा विषय वनस्पती. आणि कमलाबाईंच्या हातात आला बटाटा.

बटाटा दिसतो निर्जीव, पण तोही श्वास घेतो. त्याच्या पेशी साखर जाळतात, प्राणवायू घेतात. या कामात साइटोक्रोम सी नावाचं एक प्रथिन लागतं. त्याचं काम हमालासारखं. एका टोकाकडून इलेक्ट्रॉन उचलायचे आणि पुढच्या एन्झाइमच्या हवाली करायचे. तिथं शेवटी प्राणवायूशी गाठ पडते. प्राण्यांमध्ये हे माहीत होतं. कमलाबाईंनी दाखवून दिलं की वनस्पतींच्या पेशींतही साइटोक्रोम सी असतं. म्हणजे ताड असो, वाल असो की माणूस, श्वासाची यंत्रणा मुळात एकाच जातीची.

हा शोध मांडणारा त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता. 1939 साली केंब्रिजनं त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं.

बटाट्यातल्या एन्झाइमचा वेग बघायचा असेल तर घरीच बघा. औषधाच्या दुकानात जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. कच्च्या बटाट्याच्या कापावर चार थेंब टाका. लगेच फेस येतो. हे काम बटाट्यातल्या कॅटलेज नावाच्या दुसऱ्या एका एन्झाइमचं. बटाटा किसून घेतला तर फेस आणखी जोरात येतो, कारण पृष्ठभाग वाढला. आणि उकडून गार केलेल्या बटाट्यावर टाकलं तर काही होत नाही. उष्णतेनं एन्झाइमच मोडलं. फक्त मुलांच्या डोळ्यांत आणि तोंडात ते औषध जाणार नाही एवढं सांभाळा.

या साध्या प्रयोगात एक महत्त्वाची गोष्ट आहे. उष्णता वाढली की वेग वाढतो हे खरं, पण एन्झाइमच्या बाबतीत एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे एन्झाइमचा आकारच बिघडतो आणि क्रिया थांबते. वालाची आणि नीरेची गोष्ट इथूनच सुरू होते.

परत देशात

परदेशात राहून मोठं नाव कमावता आलं असतं. पण कमलाबाई 1939 सालीच परतल्या. गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती आणि आपलं शिक्षण आपल्या लोकांच्या कामी यावं असं त्यांना वाटे. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत. 1947 साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाचा नवा विभाग सुरू होत होता, तिथं प्राध्यापक झाल्या.

मुंबईत त्यांनी संशोधनाला विषय निवडले ते नीरा, कडधान्यं, ताडगूळ. गरिबांच्या पोटात जाणारं अन्न. केंब्रिजमध्ये शिकलेल्या बाईंनी ताडाचा रस आणि वाल घेऊन बसावं, हे त्या काळात काहींना कमीपणाचं वाटलं असेल. पण कुपोषण ज्या घरांत आहे, त्या घरांत जे शिजतं तेच तपासलं पाहिजे, एवढा सरळ विचार त्यामागे होता.

वालातला ब्रेक

1954 साल आपल्या भागाला विसरता येत नाही. त्या वर्षी 2 ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालं. त्याच वर्षी मुंबईत कमलाबाईंचा भारतीय अन्नपदार्थांतल्या ट्रिप्सिन-निरोधकांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण त्या निबंधाचा आपल्या चुलीशी मात्र जवळचा संबंध आहे.

ट्रिप्सिन हे आपल्या पोटातलं एन्झाइम. स्वादुपिंडातून ते लहान आतड्याच्या कामाला येतं आणि अन्नातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतं. तुकडे झाले तरच प्रथिन अंगी लागणार. आता गंमत अशी की अनेक कडधान्यांच्या दाण्यात असा पदार्थ असतो, जो ट्रिप्सिनला जाऊन चिकटतो आणि त्याचं काम अडवतो. दाणा स्वतःला वाचवायला हे बाळगतो, असं समजतात. पण खाणाऱ्याचं नुकसान होतं. पोटात प्रथिन जातं आणि पचनाचा वेग पडतो. पोरगं खातं, तरी भरत नाही.

कमलाबाईंनी आपले सहकारी आंबे यांच्यासह वालातून हा निरोधक वेगळा काढला आणि त्याचे शुद्ध स्फटिक मिळवले. 1955 साली ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात ते छापून आलं. आपल्या कोकणपट्टीतला, इकडे घराघरात खाल्ला जाणारा वाल जगाच्या विज्ञानात पोचला तो असा.

मग उपाय काय? वाल सोडायचे? मुळीच नाही. निरोधक स्वतः प्रथिनच. ओलसर उष्णतेनं तो मोडतो. रात्री भिजवले की पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत जातं आणि शिजताना उष्णता सगळीकडे सारखी पोचते. सोललं, मोड आणले, की आणखी सोपं. आपल्या आज्या भिजवून, मोड काढून, सोलून बिरडं करायच्या, ते नुसतं चवीसाठी नव्हतं म्हणायचं. उलट घाईत कच्चेपक्के उतरवलेले किंवा नुसतेच वरवर भाजलेले दाणे पोटाला जड जातात. जळण वाचवायला भांडं लवकर उतरवलं तर प्रथिन वाया जातं, हा हिशेब घरात सगळ्यांना कळायला हवा. भिजवलं तर जळणही कमीच लागतं.

मडक्यातली शर्यत

नीरेचं काम त्यांनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलं. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह आहे, आणि त्यातला काही भाग गूळ आणि काकवीतही टिकतो, असं त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या तब्येतीत चांगली सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पण नीरेचा उपयोग व्हायचा तर ती नीरा राहिली पाहिजे ना! रस झाडातून निघताना गोड आणि ताजा असतो. हवेतलं, झाडावरचं, मडक्याच्या भिंतीला चिकटलेलं यीस्ट त्यात पडतं. यीस्टच्या पोटातले एन्झाइम साखरेचं मद्य आणि कार्बन डायऑक्साइड करतात, तो वायू म्हणजेच फेस. मग जिवाणू त्या मद्याचं आम्ल करतात. साखर भरपूर, एन्झाइम हजर, वर ऊन. वेग वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टी एका मडक्यात जमल्या.

आता याच यादीकडे उलट बाजूनं बघा. रात्री आणि पहाटे गारवा असतो, म्हणून सूर्य उगवायच्या आत मडकं उतरवायचं. मडकं रोज घासून, गरम पाण्यानं धुवायचं, कारण कालचा चिकटलेला थर म्हणजे आजचं विरजण. आतून चुना लावायचा, कारण चुन्यामुळे रस अल्कधर्मी होतो आणि यीस्टचं काम मंदावतं. उतरवल्यावर बर्फात ठेवायची. आणि प्यायची नसेल तर तिथंच आटवून गूळ करायचा. आटवताना यीस्ट मरतं आणि पाणी निघून जातं, मग तो महिनोन्महिने टिकतो. यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. गारवा, स्वच्छता, चुना आणि आच, एवढंच.

झाडावर चढणारा माणूस हे आधीपासून जाणत होता, हेही कबूल केलं पाहिजे. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेनं त्यात भर घातली ती मोजमापाची. त्या रसात काय आहे आणि कुणाला त्याचा फायदा होतो, हे आकड्यांनी दाखवता आलं.

दूध, भेसळ आणि उशिरा मिळालेली खुर्ची

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. दूध नासणं हीसुद्धा वेगाचीच गोष्ट. काढल्यापासून गार ठेवलं तर जिवाणू हळू वाढतात, उन्हात राहिलं तर भराभर.

विज्ञान संस्थेच्या संचालकपदी त्या पोचल्या, पण हक्क असूनही ते पद त्यांना उशिरानं मिळालं. बंगळूरचं दार उघडून तोवर बरीच वर्षं झाली होती, तरी बाईला वाट बघायला लावायची सवय गेली नव्हती.

पुढे ग्राहकांच्या हक्कांसाठीही त्या उभ्या राहिल्या. 1966 साली मुंबईत सुरू झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्यांनी काम केलं, 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात लेख लिहिले. विकत घेतलेल्या वस्तूत काय आहे हे जाणून घेणं ही बाजारात जाणाऱ्या साध्या माणसाचीही गरज आहे, असं त्या मानत.

1998 साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. वय होतं 86.

आपल्यासाठी काय उरलं?

कमलाबाई सिल्वासा-खडोलीकडे आल्या होत्या की नाही, हा मुद्दा नाही. त्यांचं काम मात्र इथल्याच घरांसाठी होतं. वारली, कोकणा, धोडिया घरांत ताड आहे, वाल आहे, भात आहे. अंगणवाडीत वजनकाट्यावर उभी राहणारी लेकरंही आहेत. त्या लेकरांच्या पोटात जे जातं ते अंगी लागावं, यासाठी बाहेरून काही महाग आणण्याआधी घरातलं नीट वापरता येतं, हे त्यांनी दाखवलं.

तेव्हा आज रात्री वाल भिजत घालायला विसरू नका आणि उद्या ते मऊ होईपर्यंत शिजू द्या. नीरा घ्यायची असेल तर पहाटे, धुतलेल्या मडक्यातली, गार असेल तीच घ्या. घरात आठवी-नववीतली मुलगी विज्ञानाच्या पुस्तकात अभिक्रियेचा दर पाठ करत बसली असेल, तर तिला बटाट्यावरचा फेस दाखवा आणि या बाईंचं नाव सांगा. पुढे शिकायचं म्हणाली तर तिला दारात उभं करू नका.